कासवाचा कार्यक्रम बघणाऱ्या बाई

एका अरुंद गल्लीतल्या दुमजली इमारतीत, वरच्या चार खोल्यांमध्ये दातांच्या कवळ्या तयार होत. दवाखान्यांतून हिरड्यांचे ठसे येत, पहिल्या खोलीत त्यांवरून प्लास्टरचे साचे ओतले जात, आणि खिडकीजवळच्या टेबलावर बाई त्या साच्यांवर गुलाबी मेण चढवून एकेक दात बसवत. एकतीस वर्षं त्या हेच करत आल्या होत्या. अर्ध्या मिलिमीटरचा फरकही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. ओबडधोबड साचा आला की त्या आवाज चढवत नसत. चष्म्यावरून एकदा बघत आणि साचा आल्या वाटेनं परत जाई. हाताखालच्या मंडळींनी त्यांना ‘मिलिमीटर’ असं नाव ठेवलं होतं. अर्थात पाठीमागे. तोंडावर सगळे बाईच म्हणत.

या बाई रोज संध्याकाळी सहाला लहान मुलांचा एक कार्यक्रम बघत असत, हे कारखान्यात कुणाला ठाऊक नव्हतं.

सुरुवात नातीमुळे झाली. मुलगा आणि सून दोघं नोकरीला, घरी यायला त्यांना सात वाजत. बाई साडेपाचला येताना नातीला शाळेतून घेऊन येत आणि सहाला तिच्यासाठी टीव्ही लावत. कालव्याकाठी एक पत्र्याची शेड, तिथं दुरुस्तीचं काम करणारं कासव आणि त्याला हत्यारं देणारा बगळा. बगळा हटकून चुकीचं हत्यार देई. कधी बेडूक मोडकी छत्री घेऊन येई, कधी घूस बंद पडलेलं घड्याळ. पंधरा मिनिटांत वस्तू दुरुस्त होई, मालक ती न्यायला येई आणि सातपर्यंत असे चार भाग लागत. एवढंच. नात मांडीवर डोकं ठेवून बघायची, बाई भाजी निवडत बघायच्या.

नात दहा वर्षांची झाली तेव्हा एके दिवशी उठून म्हणाली, “आजी, हे बाळांचं आहे. मी आत जाते.”

बाई “बरं” म्हणाल्या आणि त्यांनी बातम्या लावल्या. आठवडाभर त्यांनी बातम्या बघितल्या. मग आवाज कमी करून त्या पुन्हा कासवाकडे वळल्या.

वाईट काही करत नाही हे त्यांना कळत होतं, तरी दारात किल्ली फिरल्याचा आवाज आला की त्यांचं बोट आपोआप बटणावर जाई. मुलगा आत येईपर्यंत पडद्यावर बातम्या सुरू झालेल्या असत. अशी दोन वर्षं निभली. गडबड झाली ती मुलाच्या एका साध्या प्रश्नानं. नदीवरचा मोठा पूल त्या दिवशी दुपारीच वाहतुकीला बंद केला होता आणि गावभर तोच विषय होता. पूल कधी उघडणार म्हणतायत, असं त्यानं विचारलं. बाईंनी विचारलं, कुठला पूल? समोरच्या पडद्यावर त्या क्षणी तोच पूल दिसत होता. मुलानं पडद्याकडे पाहिलं. नंतर दोन-तीनदा त्यानं मुद्दाम काहीबाही विचारून पाहिलं. तासभर बातम्या बघून बसलेल्या आईला त्यातली एकही सांगता येईना. त्यानं ते मनात ठेवलं.

पुढच्याच महिन्यात सून ऑफिसातल्या मैत्रिणीला घेऊन लवकर घरी आली. किल्ली नव्हती, दार नातीनं उघडलं. आत बाई टीव्हीसमोर बसून पोट धरून हसत होत्या, कारण बगळ्यानं हातोडी समजून कासवाच्या हातात बोंबील दिला होता. पाहुणीला बघताच त्यांनी हसणं गिळलं आणि चहा ठेवायला त्या आत गेल्या. पाहुणीनं आवाज खाली आणून सुनेला सांगितलं, “माझ्या मावशीचं अगदी असंच सुरू झालं होतं.”

त्या रात्री नवराबायकोनं एकमेकांच्या मनातलं ताडून पाहिलं आणि दोघांनाही तीच शंका आली, आईला विस्मृतीचा आजार तर नाही? शनिवारी मुलगा आईला म्हणाला की साठी जवळ आली, एकदा सगळी तपासणी करून घेऊ. बाईंनी आढेवेढे घेतले नाहीत. रक्तदाब असेल, असं त्यांना वाटलं.

डॉक्टरीण तरुण होती, बोलायला मऊ. तिनं आज वार कोणता, तारीख कोणती ते विचारलं. तीन शब्द सांगितले आणि लक्षात ठेवा म्हणाली. कागद पुढे करून घड्याळ काढायला लावलं, अकरा वाजून दहा मिनिटं झालेलं. बाईंनी वर्तुळ काढलं, आकडे सारख्या अंतरावर मांडले आणि तासाचा काटा अकराच्या किंचित पुढे दाखवला, कारण दहा मिनिटांत तो तेवढा सरकायलाच हवा. पेन्सिल खाली ठेवता ठेवता त्यांच्या ध्यानात आलं की हे रक्तदाबाचं प्रकरण नव्हे. त्यांनी मुलाकडे पाहिलं. तो भिंतीवरचा तक्ता वाचत होता.

“घरच्यांना काही बदल जाणवलाय का?” डॉक्टरणीनं त्याला विचारलं.

मुलानं पुलाचं सांगितलं. मग कासवाचंही सांगितलं.

बाईंचे कान तापले. एकतीस वर्षांत त्यांच्या कामाला कुणी नावं ठेवली नव्हती आणि इथं त्यांचा मुलगा परक्या बाईसमोर त्यांची तक्रार मांडत होता. पण आता लपवण्यात हशील नव्हतं. बातम्या मी बघतच नाही, तू आलास की लावते, म्हणून मला पूल ठाऊक नव्हता, असं त्यांनी सरळ सांगून टाकलं.

“का लावता?” डॉक्टरणीनं विचारलं.

“हसतील म्हणून.”

“आणि तो कार्यक्रम का बघता?”

या प्रश्नाचं उत्तर बाईंनी स्वतःलाही कधी दिलं नव्हतं. त्यांनी पेन्सिल कागदाशी सरळ लावून ठेवली. मग म्हणाल्या, “मी दिवसाला चार माणसांचे दात लावते. माणूस एकही बघितलेला नाही. डबी भरायची, वर नंबर टाकायचा, गेली. त्या कार्यक्रमात वस्तू न्यायला मालक स्वतः येतो.”

डॉक्टरणीनं मघाचे तीन शब्द विचारले. बाईंनी ते क्रमानं सांगितले. काळजी करण्यासारखं काही नाही, असं मुलाला सांगून तिनं कागद मिटला.

 परतताना सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मुलगा म्हणाला, “मी घाबरलो होतो, आई.”

“मला विचारायचंस,” बाई म्हणाल्या. त्यांचा राग चार दिवस टिकला. त्या चार दिवसांत त्यांनी सहाला टीव्ही लावला, आवाज नेहमीचा ठेवला आणि किल्ली फिरली तरी बटणाला हात लावला नाही.

कारखान्यात त्यांनी स्वतःच चहाच्या वेळी हे सांगून टाकलं. कुठूनतरी कळण्यापेक्षा आपण सांगितलेलं बरं, असा हिशेब. मंडळींनी दात काढले. त्या जवळून गेल्या की कुणीतरी त्या कार्यक्रमाचं गाणं गुणगुणायला लागे. पॉलिशवाली म्हणाली की या वयात माणसानं चार चांगली पुस्तकं वाचावीत. बाईंना ते लागलं, पण त्यांनी उलट उत्तर दिलं नाही. तिचं काम मात्र त्या आठवड्यात दोनदा परत गेलं, आणि ते योग्य होतं की नाही याबद्दल कारखान्यात दोन मतं आहेत.

महिन्याभरानं त्यांनी एका जुन्या दंतवैद्यांना फोन केला. माझ्या हातची कवळी बसवताना मला एकदा समोर उभं राहू द्याल का, असं विचारलं. दंतवैद्यांना नवल वाटलं. एवढ्या वर्षांत तसं कुणी विचारलं नव्हतं. ते या म्हणाले.

खुर्चीत एक निवृत्त पोस्टमन बसले होते. बाई कोपऱ्यात पिशवी धरून उभ्या राहिल्या. कवळी बसली. पोस्टमननी जबडा दोनदा हलवला, आरसा मागून घेतला आणि त्यात बराच वेळ पाहिलं. हसले वगैरे नाहीत. “हे दात माझे आहेत असं वाटत नाही,” ते म्हणाले, आणि त्यांच्या ‘स’मधून शिट्टी वाजली.

दंतवैद्य समजूत घालू लागले, सवय होईल म्हणाले. बाई पुढे आल्या. पोस्टमनना पुन्हा तेच वाक्य बोलायला लावलं आणि वरच्या पुढच्या दोन दातांमागे जाडी जास्त राहिली आहे हे त्यांच्या लक्षात आलं. साच्यावर ते कधीच कळलं नसतं, साचा बोलत नाही. दवाखान्यातल्या मशिनवर त्यांनी स्वतः घासून दिलं. तिसऱ्या खेपेला शिट्टी गेली.

“ह्या कोण?” पोस्टमननी विचारलं.

दंतवैद्यांनी सांगितलं. पोस्टमननी मान हलवली, आणि डाव्या बाजूला जरासं टोचतंय तेही बघा म्हणाले.

आता बाई दर गुरुवारी दुपारी दवाखान्यात जातात. तक्रारीच जास्त असतात. त्या वहीत लिहून आणतात आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना वाचून दाखवतात, त्यामुळे शुक्रवार उजाडला की प्लास्टरवाल्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. सुनेची मैत्रीण घरी आली की अजूनही बाईंशी जरा मोठ्यानं आणि सावकाश बोलते. बाई तिला तेवढ्याच सावकाश उत्तर देतात. सध्या बगळ्याचा आवाज बदलला आहे. नवा आवाज बाईंना पटलेला नाही, आणि जेवताना त्यांनी तो का पटला नाही हे सांगायला घेतलं की मुलगा निमूट ऐकून घेतो.