ताईला मिळालेला एक प्रयोग

माझी ताई नटी. तिचे कपडे इस्त्री करायचे, तुटलेली बटणं लावायची आणि तिची बोलणी खायची, ही माझी कामं. तीस वर्षं झाली.

एकोणिसाव्या वर्षी ती रंगमंचावर गेली ती कुणीतरी आयत्या वेळी आजारी पडलं म्हणून. वीस वर्षं नाटकं केली. मग एका मालिकेत खाष्ट आत्याचं काम मिळालं आणि पुढची अकरा वर्षं ती घराघरांत आत्याच झाली. भाजीवालासुद्धा तिला आत्या म्हणायचा आणि तिला घाबरून भाव कमी सांगायचा.

एका सकाळी फोन आला. आत्या अपघातात गेली म्हणे. चित्रीकरणाला यायचीही गरज नाही, भिंतीवरच्या फोटोवर भागवणार होते.

पुढचे आठ महिने मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. ताई एका जागी बसेना. खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत नुसत्या येरझाऱ्या. कपाटं लावायची, पुन्हा उपसायची. अर्धा चहा टाकून उठायची. फोन वाजला की धावायची, आणि कामाचा नसला की माझ्यावर तोंडसुख घ्यायची.

"अगं, टेक की जरा," मी म्हणायची.

"बसले की संपले मी," ती म्हणायची.

शेवटी तिच्या नाटकांच्या दिवसांतल्या दिग्दर्शकानं एक जुनं नाटक पुन्हा उभं केलं. त्यानं साफ सांगितलं, "एक प्रयोग देतो. जमला तर पुढचे सगळे तुझे. नाहीतर दुसरी तयार आहे." ती दुसरी भवानी प्रयोगाच्या दिवशी पहिल्या रांगेत येऊन बसलीही होती.

दुसऱ्या अंकात ताई नवऱ्याला सोडून निघते. तिथे तिचं मोठं भाषण आहे. मी विंगेत तिची शाल घेऊन उभी होते. अर्ध्यावर तिची जीभ अडखळली. अडखळली तर अडखळली, रेटून पुढे जायचं, हे नव्या पोरींना तीच शिकवायची. पण अकरा वर्षांची सवय! तिनं हात वर केला आणि म्हणाली, "सॉरी हं, परत घेऊ या."

समोर कॅमेरा नव्हता, सातशे माणसं होती. आपण काय केलं ते ताईला कळलं, आणि तिच्या तोंडाकडे मला बघवेना.

नवरा झालेला नट मात्र पक्का मुरलेला. "घे की," तो म्हणाला, "या घरात सगळं तुझ्याच मनासारखं होतं."

लोक खो खो हसले. ताईनं भाषण पहिल्यापासून घेतलं, आणि असं घेतलं की ते संपलं तेव्हा सगळं नाट्यगृह उभं होतं.

प्रयोगानंतर दिग्दर्शक मेकअपच्या खोलीत आला. "काम तुझं. पण ती चूक ठेवायची. लोकांना ते नाटकातलंच वाटलं. दर प्रयोगाला तिथेच अडखळायचं."

माझं डोकंच फिरलं. "तिची फजिती रोज तिकीट लावून दाखवणार का?"

"तू गप्प बस," ताई मला म्हणाली, आणि त्याला म्हणाली, "चालेल."

तो गेला. ताई आरशासमोर उभी राहिली. "माझा हात किती वर होता गं?"

"खांद्यापर्यंत."

"घाबरलेली दिसत होते?"

"हो." मला रडू फुटलं.

तिनं हात वर केला, डोळे मोठे केले, पुन्हा केले. जमेना. आरशातल्या बाईला कसलीच भीती नव्हती.

"तू पाहिलंयस ना? मग तू करून दाखव," ती म्हणाली.

मला कसला अभिनय येतोय? तरी मी डोळे पुसून हात वर केला, आणि ताई माझ्याकडे टक लावून बघत शिकायला लागली.