कोळशातली आई

वर्ध्यात एका सभागृहात नाचणगावच्या तरुण शिल्पकाराची रेखाटनं मांडली होती. सगळी आई आणि मुलाची, कोळशाने काढलेली. पण कुठल्याच चित्रात आईचा चेहरा नव्हता. रुंद पाठ, मानेवरचा अंबाडा आणि खांद्याशी टेकलेलं लेकराचं डोकं, एवढंच.

माझ्याशेजारी निळ्या लुगड्यातली एक म्हातारी उभी होती. एका चित्रापुढून दुसऱ्याकडे जाताना ती दर वेळी पदर सारखा करायची, जणू कुणाच्या घरून निरोप घेऊन निघाली आहे. मी सहज म्हणालो, "आई आहे, पण तोंड कुठंच दिसत नाही."

तिने मला नीट न्याहाळलं.

"मी वावरात तण निंदाले जावो तवा तो माह्या पाठीवर बांधलेला राहे. त्याले पाठच दिसे. जे पाह्यलं तेच काढलं माह्या पोरानं."

आवाजात तक्रार नव्हती, होता तो नुसता तोरा. इतक्या चित्रांतली आई माझ्या शेजारी उभी होती.

तेवढ्यात शिल्पकार आला आणि तिच्या पाया पडला. फोटो काढणारे जमले. त्यांना तिने हातानेच थांबवलं आणि लेकाला म्हणाली, "आता मी समोर आहो, तं तोंडबी काढजो."

तो हसला नाही. कोळसा आणि कागद घेऊन तो तिथंच जमिनीवर बसला. ती खुर्चीवर बसली, हनुवटी वर केली आणि त्याच्याकडे पाहू लागली. त्याचं चित्र पुरं होईपर्यंत सभागृहातून कुणीच हललं नाही.