प्लगची गाडी आणि रुपेशचा रनआउट

आमच्या गावच्या क्रिकेट स्पर्धेचा अंतिम सामना ऐन मोक्याच्या क्षणी जगाला दिसेनासा झाला, तो माझ्या तत्त्वांमुळे.

गाव शीळफाट्याच्या अलीकडचं. एकेकाळी चहूबाजूंनी भातशेती होती, आता चहूबाजूंनी टॉवर आहेत आणि मध्ये एक मैदान उरलंय. (त्यावर कुणी टॉवर बांधायचा म्हटला तर गावात क्रांती होईल. बाकी कशानेही होणार नाही, मी प्रयत्न करून पाहिलाय.) दर हिवाळ्यात तिथे टेनिस बॉलची स्पर्धा भरते. पप्पा आयोजक. माईकवरून कॉमेंट्री, मोबाईलवर थेट प्रक्षेपण आणि मंडपात टीव्हीसमोर बसलेला थर्ड अंपायर, असा सगळा थाट!

त्याच हिवाळ्यात आमची जुनी जीप बसली, ती कायमची. नवी एसयूव्ही घ्यायची यावर घराचं एकमत झालं. कोणती, यावर दोन पक्ष पडले. पेट्रोल पक्षाचे नेते नाना, म्हणजे माझे काका. प्लग-इन हायब्रिड पक्षाची नेता मी. माझ्या पक्षात मी एकटीच होते, पण इतिहासातले सगळे मोठे पक्ष असेच सुरू झालेत!

"ही गाडी घरच्या प्लगवर चार्ज होते," मी जेवताना समजावलं. "रोजचं डोंबिवली, ठाणे सगळं बॅटरीवर. लांब जायचं असेल तरच पेट्रोलचं इंजिन."

"म्हंजे दोन्ही हाय?" नानांनी विचारलं.

"दोन्ही आहे."

"मंग बिगारला तर दोन्ही बिगारनार."

"नाना, अहो धूर बघा ना! कल्याण-शीळ रोडला उभं राहून एकदा श्वास घेऊन बघा!"

"साठ वर्सं घेतंय. काय झाला मना?" नाना म्हणाले आणि पाच मिनिटं खोकले.

तोंडी चर्चा निष्फळ ठरल्यावर मी पत्रक काढलं. 'पेट्रोल: आणखी किती दिवस?' डोंबिवलीला जाऊन झेरॉक्स काढल्या आणि घरात प्रत्येकाला एक वाटली. आईने तिच्या प्रतीवर तळलेले बोंबील काढले. (कागदाने तेल छान ओढून घेतलं, असं ती म्हणाली. माझ्या लिखाणाची घरात झालेली ही पहिली स्तुती.) शेवटी ठळक अक्षरात मी जाहीर केलं होतं: 'पेट्रोलची गाडी दारात आली, तर मी तिच्यात पाऊल ठेवणार नाही!'

पप्पांनी फक्त तेवढीच ओळ वाचली. "बरं झालं. मागे ऐसपैस बसता येईल."

"पप्पा!"

"हे बघ, सोमवारी मी पेट्रोलवाली बुक करतोय. तुला काय दाखवायचंय ते रविवारपर्यंत दाखव. आणि कागद नको. गाडी दाखव."

रविवारी फायनल होती. त्या दिवशी पप्पांना मैदानावरून हलवणं अशक्य. मग गाडीच मैदानावर आणायची, असं मी ठरवलं! वर्तकनगरकडच्या एका शोरूमला फोन केला. साहिल नावाचा मुलगा टेस्ट ड्राइव्हची गाडी घेऊन निघाला आणि दोन तास उशिरा पोहोचला. मी धावत जाऊन आत डोकावले. बॅटरी चार टक्के!

"साहिल, चार?"

"मुंब्रा बायपासला अडकलेलो मॅडम. एसी चालू होता. पण टेन्शन नका घेऊ, हायब्रिड आहे ना, पेट्रोलवर मस्त पळते!"

"पेट्रोलवर पळते हे दाखवायला मी तुम्हाला बोलावलंय का?"

माझी योजना साधी होती. मॅच संपताच अख्ख्या गावासमोर ही गाडी आवाज न करता, धूर न सोडता मैदानाला एक फेरी मारेल, पप्पा आतून बघतील आणि नाना बाहेरून. पण चार टक्क्यांत ती मंडपापर्यंतसुद्धा गेली नसती. चार्जिंगची केबल डिकीत होती. प्लग कुठे?

अख्ख्या मैदानात वीज एकाच ठिकाणी होती. मंडपामागच्या जनरेटरवर. जनरेटर डिझेलवर चालतो हे मला ठाऊक नव्हतं, असं मी म्हणणार नाही. ठाऊक होतं. पण ध्येय मोठं असलं की माणूस तपशिलात शिरत नाही. मी केबल खोचली. जनरेटरचा आवाज एकदम खाली गेला, पाठीवर भाताची गोण पडल्यासारखा तो कण्हला, आणि त्याच्या नळकांड्यातून काळ्या धुराचा खांब उभा राहिला.

त्या खांबाच्या दिशेने नाना आले.

"काय करतंस बाय?"

"चार्जिंग."

नानांनी गाडीकडे पाहिलं. मग केबलकडे, जनरेटरकडे, आणि शेवटी मान वर करून धुराकडे.

"म्हंजे गारीला पेट्रोल नको, म्हनून डिझेल पाजतंस?"

मंडपामागे वडापाव खात उभी असलेली सगळी माणसं हसली. एकाला ठसका लागला.

"हे तात्पुरतं आहे, नाना!"

"आनि धूर? तो पन तात्पुरता?"

मी टक्के मोजायला गाडीत जाऊन बसले. अर्ध्या तासात बॅटरी बारा टक्क्यांवर आली. तिकडे मैदानात शेवटची जोडी खेळत होती. दोन चेंडू बाकी, जिंकायला तीन धावा, समोर टिटवाळ्याचा संघ आणि बॅट हातात घेतलेला आमचा रुपेश, नानांचा मुलगा. कॉमेंट्रीला बाळाराम. त्याचा आवाज माईक नसतानाही दिवा स्टेशनपर्यंत जातो, त्यात माईक होता!

"आणि रुपेशने मारलाय! एक धाव पूर्ण! दुसरीसाठी पळालेत! थ्रो आलाय, थेट स्टंपवर, आणि..."

आणि काहीच नाही. जनरेटरने एक मोठा आचका दिला आणि देह ठेवला.

मैदानावर स्टंप उडाले होते. अर्धे लोक "आउट!" ओरडत होते, अर्धे "नाय, नाय!" अंपायरने हवेत बोटांनी टीव्हीचा चौकोन काढला. मंडपात थर्ड अंपायर काळ्याकुट्ट पडद्यासमोर हात जोडून बसला होता. पप्पांचा फोन वाजला. दुबईहून मामा! "दाजी, काय झालं? आउट का नॉटआउट?" पप्पांनी फोन कापला. लगेच पुन्हा वाजला.

एवढ्यात टिटवाळ्याचा कॅप्टन तावातावाने मंडपात शिरला.

"वा काका! हरायला लागले की लाइट घालवायची काय? ही तुमची स्पर्धा?"

पप्पांचा चेहरा पडला. पंधरा वर्षं ते ही स्पर्धा भरवतायत. पंचांनी गावाविरुद्ध निकाल दिला म्हणून भांडणाऱ्या स्वतःच्या भावाशी त्यांनी एकदा अबोला धरला होता, पण पंचांना शब्दाने बोलले नाहीत. त्यांना कुणी लबाड म्हणालेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

जनरेटरवाला हात पुसत आला. "लोड झेपला नाय दादा. कुनीतरी कायतरी लावलाय."

सगळ्या मैदानाच्या नजरा जनरेटरवरून केबलवर आल्या, केबलवरून गाडीवर, आणि गाडीवरून माझ्यावर. अन्यायाविरुद्ध मी अनेकदा एकटी उभी राहिले आहे. त्या दिवशी मात्र बसावंसं वाटलं.

तेव्हा साहिलने वर्गात करतात तसा हात वर केला.

"मॅडम, ही गाडी करंट देते पण."

"म्हणजे?"

"उलटा. गाडीतून बाहेर. तिच्यावर टीव्ही चालतो, स्पीकर चालतो. सांगायचं राहूनच गेलं."

(या गाडीवर मी दोन पानी पत्रक लिहिलं होतं. त्यात हे नव्हतं!)

मंडपाची वायर गाडीला जोडली. साहिलने स्क्रीनवर कुठेतरी बोट ठेवलं. टीव्ही लागला, स्पीकर खरखरला, आणि पाव तास तोंड उघडं ठेवून थांबलेला बाळाराम पुढे बोलला, "...आउट का नाबाद?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मान ताठ केली. त्याच क्षणी बॉनेटखालून घुर्रर्र असा आवाज आला.

"बॅटरी कमी आहे ना मॅडम," साहिल कुजबुजला, "म्हणून इंजिन आपोआप चालू झालं."

नानांनी बॉनेटला कान लावला. त्यांच्या चेहऱ्यावर काकड आरतीला बसल्यासारखं समाधान पसरलं.

"पेट्रोल!" त्यांनी गावाला जाहीर केलं.

पडद्यावर रिप्ले आला. स्टंप उडाले तेव्हा रुपेशची बॅट क्रीजपासून चांगली हातभर लांब होती. आउट. गाव एका धावेने हरलं, स्वतःच्या मैदानावर, माझ्या विजेवर! टिटवाळ्याची पोरं नाचायला लागली. नानांनी बॉनेटवरचा कान काढला.

"साधी पेट्रोलची गारी असती," ते जड आवाजात म्हणाले, "तर माजा पोर नाबाद होता."

प्लग-इन हायब्रिड पक्ष संपला, असं मी मनाशी मान्य केलं. पण टिटवाळ्याचा कॅप्टन नाचता नाचता थांबला, पप्पांपाशी आला आणि वाकला.

"काका, मघाशी चुकीचं बोललो. आपल्याच पोराला आउट द्यायला दुसऱ्या कुणी लाइट आणली नसती."

पप्पांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. मग गाडीपाशी आले.

"साहिल, टीव्ही, स्पीकर, कॅमेरा, सगळं एकदम चालतं?"

"चालतं सर. बॅटरी भरलेली असली तर चार-पाच तास इंजिनपण लागत नाही."

"हीच घेऊ."

धूर नाही, हवा नाही, येणाऱ्या पिढ्या नाहीत. माझ्या पत्रकातल्या मुद्द्यांवर पप्पांचा एक प्रश्न नाही! तरीही माझा पक्ष जिंकला होता. मी पेढे वाटले. नानांनी निषेध म्हणून दोन घेतले. रुपेश महिनाभर माझ्याशी बोलला नाही.

आता ती गाडी रोज आमच्या दारात प्लगला लागते. बॅटरी काठोकाठ भरते. पण गाडीत एक बटण आहे, ते दाबलं की बॅटरी राखून ठेवली जाते आणि गाडी पेट्रोलवर चालते. पप्पांना ते पहिल्याच दिवशी सापडलं. ठाण्यापासून टिटवाळ्यापर्यंत दर रविवारी कुठे ना कुठे स्पर्धा असते, आणि सगळीकडून आमच्या गाडीला बोलावणं असतं.

"बॅटरीला हात लावायचा नाही," पप्पा मला किल्ली देताना बजावतात. "रविवारी मॅच आहे."

म्हणून सोमवार ते शनिवार मी आईला डोंबिवलीला नेते, नानांना खोकल्याच्या डॉक्टरकडे नेते, ते सगळं इंजिनवर. दर चार दिवसांनी कल्याण-शीळ रोडच्या पंपावर रांगेत उभी राहते. पंपावरचा माणूस काचेवर टकटक करतो.

"मॅडम, किती टाकू?"

मी आजूबाजूला ओळखीचं कुणी नाही ना, ते बघते. मग काच अगदी थोडी खाली करते आणि हळूच सांगते, "फुल."