दोन दारांमधल्या खोतबाई

“उघडा! कुणीतरी उघडा रे! हवा संपली!”

अशी बोंब ठोकत डॉ. शुभदा खोत काचेच्या दारावर धडका देत होत्या आणि मी डोंगरासारखा अचल उभा राहून त्यांना धीर देत होतो... हा किस्सा मी विठ्ठलवाडीपासून माजिवड्यापर्यंत निदान हजार वेळा सांगितला असेल. लग्नात सांगितला, बारशाला सांगितला, एकदा तर दाताच्या डॉक्टरकडे तोंडात यंत्र असताना सांगितला. खोतबाई समोर असल्या की पोट धरून हसायच्या. महिन्यापूर्वी डोंबिवलीहून त्यांच्या यजमानांचा, अनंतरावांचा, फोन आला. “शुभदा गेली, पावसकर.” फोन ठेवला आणि कळलं, आता हा किस्सा खरा सांगावा लागणार. ओरडत होतो तो मी.

बाई जनावरांच्या डॉक्टर. ठाण्याच्या आमच्या प्रयोगशाळेत क्षयरोगाची नवी औषधं माणसाआधी उंदरांवर तपासायचे. पण उंदराचा क्षय माणसासारखा नसतो. माणसाच्या फुफ्फुसात गाठी होतात, जंतू त्यांत दडून बसतात. साध्या उंदरात तशा गाठी होतच नाहीत. म्हणून उंदराला गुण देणारं औषध माणसात तोंडघशी पडायचं. तशा गाठी धरणारा उंदीर मिळवण्यात बाईंनी सहा वर्षं घातली. जंतू थोडे जास्त दिले की उंदीर मेला, थोडे कमी दिले की ठणठणीत! मी म्हणायचो, “बाई, आमच्या विठ्ठलवाडीच्या डासांना शिकवणीला ठेवा, ते बरोब्बर आजारी पाडतात.” त्या म्हणायच्या, “तुम्ही तुमचा एसी बघा.” मी तिथला कंत्राटी माणूस, हवेचा दाब सांभाळणारा.

शेवटी एका तुकडीत हव्या तशा गाठी दिसल्या. औषध सुरू झालं, निकालाला नऊ दिवस उरले. त्या दुपारी मी दाब तपासायला बाईंबरोबर आत निघालो. उंदरांच्या खोलीला दोन दारं आणि मध्ये कपाटाएवढी जागा. एक दार लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, म्हणजे आतली हवा बाहेर जात नाही. आम्ही बरोब्बर मध्ये असताना यंत्रणा अडकली, दोन्ही दारं बंद. मी तेव्हा हत्तीच्या वजनाचा, वर मास्क आणि दुहेरी झगा. बाहेरच्याने काचेतून खूण केली, अर्धा तास लागेल. भिंतीवर लाल बटण होतं. ते दाबलं की दोन्ही दारं सुटणार, पण मग नियमाप्रमाणे खोली निर्जंतुक करायची आणि आतला एकूण एक उंदीर मारायचा. बाई त्या बटणाला पाठ लावून उभ्या राहिल्या. “पावसकर, माझ्याकडे बघा. हवा येतेय. वरची जाळी तुम्हीच बसवलीत ना?” बसवली होती. गार हवा मानेवर लागत होती... तरी मला भिंती जवळ सरकताना दिसत होत्या. मी बाईंना ढकललं आणि बटण दाबलं.

उंदीर बाईंनी स्वतःच मारले, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. चौकशीत साहेबांनी विचारलं, बटण कुणी दाबलं? मी तोंड उघडायच्या आत बाई म्हणाल्या, “मी. घाबरले.” बाहेर आल्यावर मलाच दटावलं, “गप्प बसा. तुम्हाला उद्या काढतील, घरी दोन मुली आहेत. मला फार तर बोलतील.” बोलले नाहीत. त्यांना आत जायची बंदी केली. पुढची तीन वर्षं बाई काचेबाहेर स्टुलावर बसून आतल्यांना सांगायच्या, “शेपटीला नको गं धरूस, तळहातावर घे.” शेवटी गाठी धरणारा उंदीर पुन्हा जमला... त्यांचा हात न लागता जमला.

आणि मी? मी लाज झाकायला किस्सा रचला. एकदा सांगितला, मग त्यातून बाहेर पडायला दारच सापडेना. दर खेपेला बाईंची किंकाळी मोठी, माझा धीर मोठा. सगळ्यांत रंगवून तो मी बाईंच्याच घरी सांगायचो. अनंतराव आमटी वाढता वाढता म्हणायचे, “आमची शुभदा भित्रीच!”

परवा त्यांच्याकडे गेलो. जिन्यातून शंभरदा परत फिरलो, बरं, दोनदा. शेवटी बसलो आणि सगळं सांगून टाकलं. ओरडत मी होतो, बटण मी दाबलं, बाईंना ढकलून दाबलं.

अनंतरावांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला.

“तिने त्याच दिवशी सांगितलं होतं,” ते म्हणाले.