आधी वर्ष, मग महिना

माझ्या नणंदेला साक्षात देवाने तारीख विचारली असती, तरी तिने आधी वर्ष, मग महिना आणि शेवटी दिवस असंच उत्तर दिलं असतं. आणि देवाने तोंड वाकडं केलं असतं, तर त्यालाच समोर बसवून समजावलं असतं. बुलढाण्यात आमच्या माडीवर बसून ती पुण्यातल्या एका कंपनीचं काम करायची. प्रोग्रॅमचे तुकडे रोज आपोआप जोडून त्यांचा एक बिल्ड, म्हणजे गठ्ठाच म्हणा, बांधणारी पाइपलाइन तिच्या ताब्यात होती आणि त्या गठ्ठ्याच्या नावात तारीख भरणारं व्हेरिएबल म्हणजे तिचा जीव की प्राण. मी भाकरी थापत असले तरी ती शेजारी येऊन सांगायची, "वहिनी, वर्ष पहिले असलं की नावं आपोआप ओळीनं लागतात. दिवस पहिले टाकला की साऱ्या महिन्यांच्या एक तारखा एका जागी गोळा होतात!" घरातही हाच कायदा. लोणच्याच्या बरणीवर, गॅसच्या सिलिंडरवर आणि आमच्या लग्नाच्या पत्रिकेवरसुद्धा. लग्न पाच फेब्रुवारीचं. पत्रिकेत वर्षापुढे शून्य दोन, शून्य पाच. डोणगावचे मामा आहेर घेऊन थेट दोन मेला दारात! मी लाजेने अर्धमेली. ही मात्र त्यांना पाणी देत म्हणाली, "मामा, वर्षाच्या मांगून महिनाच येते. तुम्ही उलटं काऊन वाचलं?" बिचाऱ्या मामांनीच माफी मागितली.

पुढे पुण्यात नवे साहेब आले. गिऱ्हाइकांना दिवस आधी वाचायची सवय, म्हणून त्यांनी हिला न विचारता पाइपलाइनचे नियम लिहिलेली कॉन्फिगरेशन फाइल उघडली आणि तारखेचा क्रम फिरवला. महिना संपेपर्यंत कुणाला काही कळलं नाही. नवा महिना लागला, तरी नावात सर्वांत मोठा आकडा म्हणून तोच सर्वांत ताजा समजून पाइपलाइन एकतीस तारखेचाच गठ्ठा उचलत राहिली आणि आठवडाभर गिऱ्हाइकाला जुनाच प्रोग्रॅम जात राहिला.

साहेबांचा फोन आला तेव्हा मी चहा घेऊन माडीवरच होते. चूक तुमच्याकडून झाली असं लिहून द्या, प्रकरण मिटेल, असं ते स्पीकरवर गोड आवाजात सांगत होते. हिने ठेवणीतली पुणेरी मराठी सोडून दिली.

"काऊन लिहून देऊ? बदल तुम्ही केला, निस्तरून मी राह्यली! माह्या हातची चूक असती तर मीच पहिले सांगितली असती."

"मग नोकरीचा विचार करावा लागेल."

"हाव, केला," ती म्हणाली आणि त्याच दुपारी राजीनामा धाडला. त्याआधी तारीख पूर्ववत करून पाइपलाइन एकदा चालवून पाहिली. कुणाच्या परवानगीने, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

आमचे हे म्हणाले, "जरा नमतं घेतलं असतं, तर घरी राहिली असती." माझ्याही मनात तेच आलं होतं, पण मी तिचीच बाजू घेऊन भांडले. इथे तसलं दुसरं काम कुठून मिळणार? ती बंगळुरूला गेली.

आता रविवारी तिचा फोन येतो. परवा मी विचारलं, "करमतं का गं तिकडं?"

"न करमाले काय झालं?" ती ताठ्यात म्हणाली. मग तिनेच हळूच विचारलं, "आज काय केलं जेवाले?"

"वांग्याचं भरीत."

वांगं कशावर भाजलं, मिरच्या किती घातल्या, सगळं तिने विचारून घेतलं. सांगून झालं, तरी फोन तिने ठेवला नाही, आणि मीही नाही.