पाच ग्रामांची आघाडी

समस्त वाचकांनी हातातली कामं बाजूला ठेवावीत, कारण एक गंभीर गोष्ट जाहीर करतो आहे : वैनगंगेच्या दोन्ही काठांवर आमच्या साडूभाऊंइतका अचूक माणूस आजवर जन्मलेला नाही, आणि माझ्या आयुष्यातलं मुख्य दुःख तेच आहे. सासरी थोरला जावई मी. गप्पा रंगवणार मी, सासूबाईंना ठसका लागेस्तोवर हसवणार मी. कौतुक मात्र गोंदियाच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणाऱ्या या धाकट्याचं. हा जेवताना "पोळी अजून शून्य दशांश चार" मागतो आणि सासूबाई हसत तेवढाच तुकडा तोडून वाढतात. मी अर्धी मागितली तर म्हणतात, "नाटकं कायले करता जी? पुरी घ्या!"

त्याचं खरं भांडण जावास्क्रिप्ट नावाच्या संगणकभाषेशी. वेबपानं तिच्यातच लिहितो आणि तिच्यावरच रुसतो. एकदा मला शेजारी बसवून त्यानं शून्य दशांश एकमध्ये शून्य दशांश दोन मिळवून दाखवले. उत्तर आलं शून्य दशांश तीन, त्यापुढे पंधरा शून्यं आणि शेवटी एक चार! "यंत्राले आपले दशांश नेमके साठवता येत नाहीत, साडूभाऊ. केसभर कमी, नाहीतर केसभर जास्त. मग शेपूट छाटून दोनच दशांश ठेवाले टू-फिक्स्ड नावाची आज्ञा लावा लागते." चेहरा असा, जणू पोटच्या पोरीनं खोटं बोलावं. मी हळहळलो. आतून म्हटलं, चला, याला न जुमानणारं कोणीतरी आहे.

यंदा देवरीजवळच्या आमच्या सासुरवाडीला मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, सर्वांत वजनदार कोहळ्याची स्पर्धा होती. मी माझा कोहळा चार महिने पोरासारखा गोंजारला होता. एकदा, फक्त एकदा, सासूबाईंच्या डोळ्यांदेखत याला हरवायचं होतं. काट्यावरचा आकडा पाहून स्वतः बनवलेल्या वेबपानात भरणारा तोच, आणि स्पर्धकही तोच! ते पान दाखवणाऱ्या मंडपातल्या टीव्हीवर आम्हा दोघांच्या नावांपुढे सारखाच आकडा झळकला : १०.२३. सरपंचांनी बरोबरी पुकारली.

तोच यानं माइक ओढला. "थांबा जी! माझा दहा किलो दोनशे तीस ग्राम, साडूभाऊंचा दोनशे पस्तीस. शेवटचा पाच वर चढून १०.२४ दिसाले पाहिजे होतं. यंत्रानं केसभर कमी साठवलं, म्हणून टू-फिक्स्डनं खाली ओढलं. चूक माझी, मी ग्रामातच मोजाले पाहिजे होतं. साडूभाऊ जिंकले!"

टाळ्या कडाडल्या, त्याच्यासाठी. सासूबाई पदरानं डोळे टिपत म्हणाल्या, "जवाई पाहा माझा! सोनं हाये सोनं!" बक्षिसाचा स्टीलचा डबा घेऊन मी कोपऱ्यात उभा होतो, आणि अख्ख्या मंडपात माझ्याकडे धावत आला तो एकटाच. माझा कोहळा उचलून सगळ्यांना दाखवत इतका मनापासून हसत होता, की माझ्यानं धड जळवेचना. सगळ्या गावाला ऐकू जाईल असं तोंडातून निघून गेलं, "साडूभाऊ, पुढच्या साली तुमीच जिंका जी! तुमचं हे हारणं मले लय महाग पडून राहिलं!"