लिंबांची भानामती

आणीबाणीच्या आधीचा उन्हाळा असावा. पुण्याहून मी सुट्टीला माझ्या गावी, डोंगरकड्याला आले तेव्हा पिशवीत दोन साड्या होत्या आणि पुठ्ठ्यात जपून ठेवलेले इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातले फोटो. एका जिवाणूच्या पोटातल्या एन्झाइमचे. बारा सारखे गोळे मिळून ते एक एन्झाइम होतं. सहांचं एक कडं आणि त्यावर सहांचं दुसरं, इतकं कळलं होतं. अडलं होतं ते एवढ्यावरच, की वरचे गोळे खालच्यांच्या बरोबर डोक्यावर बसतात, की दोघांच्या मधल्या खाचेत? ज्यांच्या हाताखाली मी संशोधन करत होते त्या सरांना खाचेची खात्री होती. मला नव्हती, आणि मी तसं बोलून गेले. सर म्हणाले, सुट्टीत सिद्ध करून आण, नाहीतर हे काम दुसऱ्याला देतो. झालं. दोन वर्षं त्या जिवाणूंची उस्तवार मी करायची आणि कडी जुळवायची दुसऱ्यानं? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

घरी पोचल्या पोचल्या मायच्या पाटीतली बारा सारखी लिंबं निवडली, बाभळीचे काटे आणले आणि लिंबाला लिंबू टोचत बसले. तो फोटो म्हणजे तरी काय, सावलीच. म्हणून लिंबांची कडी दोऱ्याला टांगायची, कोवळ्या उन्हात फिरवायची आणि चुन्याच्या भिंतीवरची सावली फोटोशी ताडून बघायची. आधी सरांच्या मनासारखी खाचेत बसवली. कशीही फिरवली तरी सावली गच्च काळी. फोटोत तसं काहीच नव्हतं.

हे सगळं शेजारची मावशी कुंपणापलीकडून बघून राहिली होती. टोचलेली लिंबं, दोरा, आणि तोंडानं पुटपुटणारी मी. दुपारपर्यंत वस्तीभर झालं, की मास्तरची पोरगी पुण्याहून भानामती शिकून आली. आता माझे बाबा म्हणजे आमच्या बुद्धवस्तीत अंगारे-धुपारे, उतारे यांच्याविरुद्ध घसा कोरडा करणारा माणूस, आणि त्यांच्याच दारात काटे टोचलेली लिंबं लटकत होती. मला हसू आवरेना. बाबांना मात्र अजिबात हसू येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मावशी चार बायका घेऊन दारात हजर.

"काहून गं, आमची म्हैस कालपासून दूध चोरून राहिली. तुझीच करणी ना ही?"

"मावशी, हे एन्झाइम हाय."

"इंजान?" मावशीनं लिंबांकडं निरखून बघितलं. "विहिरीवरचं?"

मी खुशाल हो म्हणणार होते, पण बाबा मधे पडले. "इंजान न्हाई अन् भानामती बी न्हाई. दाव गं यांना काय हाय ते. न्हाई दावता आलं, तर आत्ता उकिरड्यावर फेकतो."

मी लिंबं खाली घेतली. वरचं कडं उपसलं, डोक्यावर डोकं ठेवून पुन्हा टोचलं. बाबांनी दोरा हातात धरला आणि हळूहळू पीळ दिला. भिंतीवरची सावली आधी काळीच होती, मग कडेनं फुगली, आणि एका क्षणी नीट झाली: वर तीन, खाली तीन (मागची पुढच्यांआड दडलेली), एकाखाली एक, मधे उजेडाचे दोन ठिपके. मी फोटो शेजारी धरला. त्यातही दोन ठिपके.

"हालू नका बाबा," मी ओरडले आणि स्वतः मात्र मावशीला मिठी मारून अंगणभर नाचवलं.

"अगं येडे, मी म्हशीचं विचारून राहिले," मावशी म्हणत होती. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. बाबा बिचारे दोरा धरून तसेच उभे.

"म्हंजी तुझ्या सरांचं चुकलं?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"तोंडावर सांगशील?"

"सांगीन."

"मंग सुट्टी कशाला काढतीस? उद्याच जा."

दुसऱ्या दिवशी बाबांनीच मला वारंगा फाट्यावर आणून यष्टीत बसवलं. पुण्यात ताजी लिंबं घेतली, काटे गावचेच होते. सरांनी टेबलावरचा दिवा भिंतीकडे वळवला आणि दोरा माझ्या हातातून घेतला. बराच वेळ ते एकटेच फिरवत होते. त्या गंभीर माणसाच्या हातात ती भानामती बघून मी हसू कसंबसं दाबत होते.

"खाचेत नाही बसत," ते शेवटी म्हणाले. "शोधनिबंध लिहायला घे. नाव तुझं आधी."

मी खुर्ची ओढून बसले आणि पहिलं अक्षर काढायच्या आधी सरांसमोरच पोट धरून हसले.